चौकातलं भांडण

सोलापुरात अशोक चौकाच्या पलीकडं, पूर्व भागात मी आठवी-नववीच्या शिकवण्या घेते. येणारी बहुतेक मुलं तेलुगु घरांतली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. गेल्या महिन्यात त्यातली एक मुलगी चार दिवस आली नाही. मैत्रिणीला विचारलं, तर ती मान खाली घालून म्हणाली, "टीचर, तिच्या मम्मीचा व्हिडिओ आलाय ना."

तो व्हिडिओ मी बघितला होता. जेवताना जाऊबाईंना दाखवलाही होता. एक बाई रस्त्यात दारू पिऊन बसलेल्या नवऱ्याची कॉलर धरून ओढतेय. "घरी चल की! पोरी जेवायच्या थांबल्यात!" हे शेवटचं वाक्य कुणीतरी तीनदा जोडलेलं, खाली ढोलकीचा ठेका. आम्ही दोघी हसलो. जाऊबाईंनी तो माहेरच्या ग्रुपवर टाकला, मी अडवलं नाही. याची लाज अजून जात नाही.

शाळेत डबे उघडले की पोरं त्या मुलीला तेच वाक्य ऐकवत होती.

आमच्या गल्लीतही भांडणं ऐकू येतात. भिंतीला कान लावणारे काही कमी नाहीत. पण त्या ऐकणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी नळावर भांडणाऱ्या बाईच्याच शेजारी घागर लावायची असते. हिचा नवरा रात्री आला नाही, तर पोरींना बोलावून भात वाढणारीही बऱ्याचदा तीच. असं समोर बघितलं की अंगावर काहीतरी जबाबदारी येते. मी फोनवर बघितलं, हसले, आणि पुढचा व्हिडिओ लावला.

ओळखीच्या एका वकिलांना विचारलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमतानं निकाल दिला, हे मला माहीत होतं. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-ई कलम शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरतं आहे, रस्त्यावरचं भांडण त्यात बसत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या बाईच्या घरातली भूक रस्त्यावर आली म्हणून ती सगळ्यांची झाली, हे मला काही केल्या पटत नाही.

व्हिडिओ टाकणारा मुलगा सापडला. वीसेक वर्षांचा. "टीचर, मी कुठं त्यांचं नाव घातलंय?" म्हणाला, पण लगेच काढून टाकला. तोवर तो किती फोनांत गेला होता कुणास ठाऊक.

परवा मुलीची आई फी द्यायला आली. कारखान्यात विड्या देऊन तशीच आली होती, हाताला तंबाखूचा वास. तिच्याकडं साधा फोन आहे, तिनं स्वतः तो व्हिडिओ बघितलेला नाही.

"टीचर, तुम्ही बघितला का?"

"बघितला."

"मी काय बोलते ते त्यात ऐकू येतंय का नीट?"

"येतंय."

"मग हसतात कशाला?"