स्नेफेलवरून चालत उतरू नका

आईल ऑफ मॅनला जाणार असाल आणि तुमच्या कार्यक्रमाच्या कागदावर ‘स्नेफेल शिखरावरून रमतगमत खाली’ अशी ओळ असेल, तर ती आधी पेनानं खोडा. मग पुढचं वाचा.

आम्ही नऊ जण होतो. चौघं भारतातून आलेले, पाच इंग्लंडमध्ये राहणारे, सगळे मूळ मूर्तिजापूर-यवतमाळकडचे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, चार मुक्काम, आणि ठरवलं होतं की बेटावर गाडी भाड्यानं घ्यायची नाही, फक्त जुन्या रेल्वेनं आणि ट्रामनं फिरायचं. कल्पना दादाची. आमचं बालपण शकुंतलेत गेलं. मूर्तिजापूर ते यवतमाळ नॅरोगेज, 1994 पर्यंत वाफेवर, इंजिन मँचेस्टरचं. ती गाडी आता बंद आहे. मँचेस्टरचीच इंजिनं अजून रोज पळतात असं एक बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे, हे कळल्यापासून दादाला दुसरं काही सुचत नव्हतं.

आयोजन आम्ही इंग्लंडमधल्या एका मध्यस्थाकडे दिलं, आणि ही पहिली चूक. त्यानं ‘सर्व हेरिटेज रेल्वे समाविष्ट’ म्हणून माणशी पैसे घेतले आणि आम्हाला दिलं काय, तर बेटाची राजधानी डग्लस, तिथल्या स्टेशनच्या खिडकीवर कुणालाही मिळतं ते गो एक्स्प्लोर कार्ड. या एका कार्डावर वाफेची गाडी, विजेची ट्राम, स्नेफेलची डोंगरगाडी आणि बस, घेतलेल्या दिवसांत कितीही वेळा चालतात. खिडकीवरचा दर वाचल्यावर कळलं की आम्ही दुपटीहून जास्त मोजले होते. कार्ड स्वतः घ्या. बोट आणि खोली तुमची तुम्ही ठरवा. मधल्या माणसाची इथं काहीही गरज नाही.

दुसरी चूक त्याच्या कागदात होती. या गाड्या साधारण मार्चपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत चालतात, पण रोज सारख्या नाहीत. वेळापत्रक रंगांचं असतं: कॅलेंडरवर तुमच्या तारखेचा रंग बघायचा आणि त्या रंगाचा तक्ता वाचायचा. हंगामाच्या कडेला काही वारी वाफेची गाडी सुटतच नाही. आमच्या कागदावर पहिल्याच दिवशी वाफेची गाडी होती आणि त्या दिवशी स्टेशनचं फाटक बंद. कागदावरच्या सगळ्या वेळा उन्हाळ्याच्या तक्त्यातल्या होत्या, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी डोंगरावर कळलं.

बोटीचं थोडक्यात सांगते. आम्ही इंग्लंडच्या हेशम बंदरातून गेलो, पावणेचार तासांच्या आसपास लागतात. हेशम बंदराच्या स्टेशनवर बोटीला जुळणारी एखादीच रेल्वे येते, ती चुकली तर लँकेस्टरहून टॅक्सी. आयरिश समुद्र सप्टेंबरात खवळलेला असतो. नवांपैकी पाच जणांना बोट लागली. गोळी बंदरावर घ्या, बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही. भारतातून येणाऱ्यांनी व्हिजाची काळजी करू नये, ब्रिटनचा व्हिजा बेटावर चालतो.

दुसरा दिवस वाफेच्या गाडीचा. डग्लस ते पोर्ट एरिन, साधारण 25 किलोमीटर, एक तास, रुळांची रुंदी तीन फूट, म्हणजे शकुंतलेपेक्षा अर्धा फूट जास्त. ही लाइन 1874 ची. आमच्या गाडीला 4 नंबरचं ‘लॉख’ इंजिन होतं, तेही 1874 चंच, मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्यातलं. दादा इंजिनाच्या चाकाला हात लावून उभा राहिला आणि बराच वेळ बोलला नाही. जाताना डाव्या बाजूला बसा, डग्लस सोडल्यावर चढावर समुद्र तिकडेच दिसतो. कॅसलटाउनला उतरून किल्ला बघा, पोर्ट एरिनच्या स्टेशनाला लागून रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे तेही बघा. दिवस सुरेख गेला, त्यात सांगण्यासारखी अडचण नाही.

आता तिसरा दिवस.

सकाळी आधी डग्लसमध्येच तीनएक किलोमीटर. हे कुणी सांगत नाही: वाफेचं स्टेशन गावाच्या एका टोकाला बंदराजवळ आणि विजेच्या ट्रामचं डर्बी कॅसल दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खा समुद्रकिनारा. घोड्याची ट्राम दोन्ही स्टेशनं जोडते अशी आमची समजूत करून दिली होती. ती खोटी. घोड्याची ट्राम डर्बी कॅसलहून किनाऱ्यावरच्या व्हिला मरीनापर्यंतच येते, पुढं बस किंवा पाय.

विजेची ट्राम 1893 ची. तिचे 1 आणि 2 नंबरचे डबे त्याच वर्षीचे, आणि आपल्या मूळ लाइनवर अजून चालणारे जगातले सर्वांत जुने ट्रामचे डबे म्हणून ओळखले जातात. उघड्या डब्यात बसण्याचा मोह होईल. सप्टेंबरात बसू नका. लॅक्सी गावापर्यंतच्या अर्ध्या तासात आमची वहिनी गारठून गेली, आणि पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथं झाली असं मला वाटतं.

लॅक्सीला दोन वेगळ्या रुंदीचे रूळ शेजारी शेजारी आहेत. किनाऱ्याची ट्राम तीन फुटांवर, डोंगराची साडेतीन फुटांवर, कारण डोंगराच्या रुळांच्या मधोमध तिसरा रूळ आहे. त्याला फेल पद्धत म्हणतात. चढताना गाडी साध्या चाकांवरच चढते, बारा फुटांमागे एक फूट अशा चढावरसुद्धा. उतरताना ब्रेक त्या मधल्या रुळाला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरतात. हा मधला रूळ 1895 पासून आहे. चढताना उजवीकडे बसा, खाली दरीत लॅक्सीचं मोठं पाणचक्र दिसतं, 22 मीटर व्यासाचं, 1854 साली खाणीतलं पाणी उपसायला बांधलेलं. हा अर्धा तास मी आयुष्यभर विसरणार नाही. पाय खाली गवतावर, डोकं ढगात.

ढगात हे अगदी खरं. स्नेफेलचा माथा 621 मीटर. स्वच्छ दिवशी तिथून सात राज्यं दिसतात असं बेटावरचे लोक म्हणतात: मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, समुद्र आणि स्वर्ग. आम्हाला दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता. वारा इतका की दादाची टोपी गेली ती गेलीच. लॅक्सीत तिकीट दाखवतानाच विचारा की वर दिसतंय का आणि वारा किती आहे. फार वारा असला तर गाडी वाटेतल्या बंगलो थांब्यापर्यंतच जाते. ढग असेल तर सरळ उद्या या, कार्ड तेच चालतं. आम्ही विचारलं नाही, कारण कागदावर ‘तिसरा दिवस: स्नेफेल’ लिहिलं होतं.

आणि कागदावर पुढं लिहिलं होतं: शिखरावरून बंगलो थांब्यापर्यंत चालत, सोपी उतरण, तिथून शेवटच्या गाडीनं लॅक्सी.

बंगलो हा डोंगररस्ता आणि रूळ एकमेकांना छेदतात तिथला थांबा. शिखरापासून उतार सुमारे 200 मीटरचा, आणि मोकळ्या हवेत, चांगल्या बुटांनी, तो कुणालाही जमेल. आम्ही सगळे सिंहगड चढलेले, चिखलदऱ्याला हिंडलेले, पायाला सवय असलेले लोक. उतार हा प्रश्नच नव्हता. प्रश्न जमिनीचा होता. वरून हिरवं गवत, खाली पाणी धरून बसलेली काळी भुसभुशीत माती. पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि बूट तिथंच राहतो. मधे मधे ओले दगड. पायवाट ढगात हरवते, मग रूळ दिसले की जिवात जीव येतो, पण रुळांवरून चालायचं नाही, गाड्या येत असतात. वहिनी दोनदा घसरली. दुसऱ्यांदा गुडघा मुरगळला.

“अहो, मला नाही जमणार,” ती दादाला म्हणाली. तेव्हा आम्ही बरोबर मध्यात होतो, वर जाणंही तेवढंच आणि खाली जाणंही तेवढंच. पाऊण तासाची वाट आम्हाला दीड तास लागली. शेवटचा टप्पा दादानं आणि माझ्या भाच्यानं तिला दोन्ही बाजूंनी धरून आणलं.

बंगलोला पोचलो तेव्हा शेवटची गाडी निघून गेली होती. कागदावरच्या वेळेला अजून वीस मिनिटं होती. पण ती उन्हाळ्यातली वेळ. सप्टेंबरच्या तक्त्यात शेवटची गाडी लवकर असते आणि तो तक्ता लॅक्सीच्या फलाटावर सगळ्यांना दिसेल असा लावलेला होता. आम्ही त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढले होते.

तो डोंगररस्ता म्हणजे मोटारसायकलींच्या प्रसिद्ध टीटी शर्यतीचाच रस्ता. मोकळ्या भागात वेगमर्यादा नाही. पादचाऱ्यांसाठी कडेची पट्टी नाही. ढगातून दिवे दिसतात आणि दिसेपर्यंत गाडी अंगावरून गेलेली असते. तिथून चालत कुठंही जाणं शक्य नाही, मनातही आणू नका. फोन काढले तर इंग्लंडची पाचही सिम मुकी. हे बेट ब्रिटनचा भाग नाही, ब्रिटिश राजाच्या आधीन पण स्वतंत्र कारभाराचं आहे, आणि इंग्लंडच्या काही मोबाइल कंपन्या त्याला परदेश धरतात. आमच्या सिमवर परदेशाची सोय चालू नव्हती. 

अर्धा तास आम्ही तिथल्या भिंतीच्या आडोशाला उभे होतो. वहिनीचे ओठ निळे पडले होते. मी तेव्हा घाबरले होते, हे आता लिहितानाही आठवतं. शेवटी गाडीतून आलेलं एक वयस्कर जोडपं थांबलं, त्यांनी वहिनीला आणि दादाला आपल्या गाडीत बसवलं, कढत चहा दिला आणि आमच्यासाठी टॅक्स्या बोलावल्या. त्या जोडप्याचे उपकार फिटायचे नाहीत. टॅक्स्यांनी मात्र डग्लसहून रिकामं वर येण्याचेही पैसे लावले, दोन मिळून 90 पौंड. घासाघीस करायची ती जागा नव्हती.

तेव्हा स्पष्ट सांगते. स्नेफेलला गाडीनंच चढा आणि गाडीनंच उतरा. चालायचंच असेल तर उलट करा: सकाळी बंगलोला उतरून वर चढा, म्हणजे गाडी चुकण्याची भीती नाही आणि ढग दिसला तर परत फिरता येतं. पूर्ण पाय झाकणारे, पाणी न शिरणारे बूट, वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. ‘सोपी उतरण’ लिहिणाऱ्या माणसानं ती कधी उतरलेली नसते. शेवटच्या गाडीची वेळ दर स्टेशनवर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आणि बेटासाठी फोनची सोय बोटीत बसण्याआधी करा. इंग्लंडच्या पाच फोनांपैकी एक जरी चालला असता तर वरचं निम्मं लिहावं लागलं नसतं.

चौथ्या दिवशी वहिनी हॉटेलवर गुडघ्याला शेक घेत बसली, आम्ही विजेच्या ट्रामनं तिच्या शेवटच्या टोकाला, रॅम्झी गावाला गेलो. मनात धाकधूक होती, पण लॅक्सीच्या पुढं बुलघम इथं रूळ कड्याच्या अगदी कडेनं जातात, खाली सुमारे 180 मीटरवर समुद्र, आणि त्या दिवशी आभाळ असं धुतलेलं की पलीकडं इंग्लंडचे डोंगर दिसले. आदल्या दिवसाचा सगळा शीण तिथं उतरला. एकच दिवस असेल तर वाफेची गाडी सोडा, पण डग्लस ते रॅम्झी सोडू नका. सव्वा तास. उजवीकडे बसा. हे दादाला पटणार नाही, पण माझं मत हेच.

ग्राउडल ग्लेनची दोन फुटी छोटी गाडी आम्हाला मिळाली नाही. ती स्वयंसेवक चालवतात, बहुतेक रविवारी, आणि तिचं तिकीट वेगळं. रविवार धरून जा.

घोड्याची ट्राम संध्याकाळपर्यंत ठेवू नका, ती लवकर थांबते. 1876 पासून चालू आहे. घोडे धष्टपुष्ट आहेत, नीट सांभाळलेले आहेत, आणि म्हातारे झाले की डग्लसबाहेर त्यांच्यासाठी आश्रम आहे. वहिनीनं सगळ्या सहलीत याच एका गाडीची तारीफ केली.

शाकाहारी मंडळींसाठी: बेटावर जिथं तिथं चिप्सवर चीज आणि ग्रेव्ही मिळते. ग्रेव्ही बहुधा मांसाची असते, विचारूनच घ्या. आमच्यातल्या दोघांनी न विचारता खाल्ली आणि त्यांना फार वाईट वाटलं. सोबत दशम्या, चटणी, चिवडा न्या.

जून लागायच्या सुमाराचे टीटीचे दोन आठवडे टाळा, खोल्या मिळत नाहीत आणि रस्ते बंद असतात. बेटाच्या स्वतःच्या पौंडाच्या नोटा आहेत, एक पौंडाची कागदी नोटसुद्धा. इंग्लंडच्या नोटा बेटावर चालतात, बेटाच्या नोटा इंग्लंडमधल्या दुकानात चालत नाहीत. त्या बोटीत बसण्याआधी संपवा. आमच्याकडे अकरा पौंड उरले होते, ते वहिनीनं डर्बी कॅसलच्या तबेल्यातल्या दानपेटीत टाकले.