‘नाही’ लिहिलं आणि प्रोग्रामने ‘हो’ समजलं

गावच्या घरी जुन्या फोटोंची आणि पत्रांची एक ट्रंक आहे. दादाने दिवाळीत ते सगळं स्कॅन केलं आणि मी त्याच्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. एका फोल्डरमधल्या फायली दुसऱ्यात हलवायच्या आणि त्यांना वर्ष आणि क्रमांक असं नाव द्यायचं, एवढंच काम. टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, प्रोग्रामच्या नावापुढे तीन गोष्टी ओळीने लिहायच्या: कुठून, कुठे, वर्ष. टाइप केलेले तुकडे पायथनच्या ‘सिस’ मॉड्यूलमधल्या ‘आर्गव्ही’ या यादीत येतात, तिच्यातून मी त्या पहिली, दुसरी, तिसरी अशा उचलल्या. यादीत शून्याव्या जागी प्रोग्रामचंच नाव असतं, एवढं मला माहीत होतं.

दादाच्या फोल्डरचं नाव होतं ‘आजोबांचे फोटो’. त्याने ते तसंच टाइप केलं, अवतरण चिन्हं न देता. टर्मिनलवरची ओळ वाचणारा शेल आधी मोकळ्या जागांवर तिचे तुकडे करतो, मग ते प्रोग्रामच्या हाती देतो. त्यामुळे माझ्यापर्यंत आलं ते ‘आजोबांचे’, ‘फोटो’, ‘नवे’, ‘१९७२’. ‘आजोबांचे’ नावाचं दुसरं फोल्डर तिथे खरंच होतं, त्यात पत्रं होती. ती सगळी ‘फोटो’मध्ये गेली, ‘नवे-१’, ‘नवे-२’ अशी नावं घेऊन. चौथा तुकडा मी पाहिलाच नव्हता. स्कॅन शाबूत राहिले, पण कोणी, कोणाला, केव्हा लिहिलं हे दादाने फायलींच्या नावांत भरलं होतं, ते गेलं. दोन संध्याकाळी तो एकेक पत्र उघडून पुन्हा नावं देत बसला. मला फार लागलं ते.

मग मी ‘--कुठून’, ‘--कुठे’, ‘--वर्ष’ असे पर्याय ठरवले, म्हणजे प्रत्येक गोष्टीआधी तिचं नाव लिहायचं, आणि ते ओळखायला तुकडे एकेक तपासणारा लूप स्वतःच लिहिला. लवकरच कळलं की यात दिसतं त्यापेक्षा बरंच काही आहे. कोणी ‘--वर्ष १९७२’ लिहील, कोणी ‘--वर्ष=१९७२’. शेवटी नुसतंच ‘--वर्ष’ आलं तर पुढचा तुकडा नसतो आणि प्रोग्राम कोसळतो. फाइलचं नावच डॅशने सुरू होत असेल तर? त्यासाठी युनिक्समध्ये जुना रिवाज आहे: एकटे दोन डॅश लिहिले की त्यापुढचं काही पर्याय धरायचं नाही. हे सगळं लोकांनी कधीच सोडवून ठेवलंय. सी भाषेत ‘गेटऑप्ट’ आहे, आणि पायथनमध्ये २०१०च्या २.७ आवृत्तीपासून ‘आर्गपार्स’ हे पर्याय ओळखणारं मॉड्यूल भाषेसोबतच येतं.

आर्गपार्समध्ये पर्यायांची नावं मराठीत देता येतात, आणि आत ‘आर्ग्ज डॉट वर्ष’ असं लिहिलेलंही चालतं. वर्षाचा टाइप ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, ठेवला. दादा देवनागरी अंक टाइप करतो, आणि पायथनचा इंट ‘१९७२’ बिनतक्रार वाचतो! हे पाहून मला खरंच आनंद झाला. मदतीच्या मजकुरात मराठी नावांपुढचे रकाने मात्र सरळ येत नाहीत, कारण काना-मात्रा वेगळी अक्षरं म्हणून मोजल्या जातात. तिकडे मी दुर्लक्ष केलं.

खरा धडा पुढे होता. फायली हलवण्याआधी नुसती यादी दाखवावी आणि ‘--खरंच’ म्हटलं तरच हलवावं, असं मी ठरवलं. या पर्यायाचा टाइप ‘बूल’, म्हणजे खरं किंवा खोटं, दिला. नकली फायलींवर ‘--खरंच नाही’ चालवून पाहिलं, तर सगळ्या हलल्या. बूलला शब्दाच्या अर्थाशी देणंघेणं नाही. मजकूर रिकामा नसला की तो खरा. ‘नाही’ हा रिकामा मजकूर नव्हे. बरोबर रीत म्हणजे त्या पर्यायाला किंमत द्यायचीच नाही, ‘स्टोअर ट्रू’ ही अॅक्शन द्यायची. मग पर्याय लिहिला तर हो, नाही लिहिला तर नाही.

आणखी एक गोष्ट मी बंद केली. आर्गपार्स अर्धवट नावंही ओळखतं, म्हणजे ‘--ख’ लिहिलं तरी ‘--खरंच’ समजतं. फायली हलवणारा पर्याय इतक्या सहज लागू नये, म्हणून ‘अलाउ अॅब्रेव्ह’ला फॉल्स केलं.

नवा प्रोग्राम दिला तेव्हा दादाने पुन्हा अवतरण चिन्हांशिवायच ‘--कुठून आजोबांचे फोटो’ लिहिलं. या वेळी ‘फोटो’ हा शब्द ओळखता आला नाही असं सांगून प्रोग्राम थांबला. एकही फाइल हलली नाही. त्याचा फोन आला, “अगं, इंग्रजीत काहीतरी ओरडतोय.” मी चिन्हं घालायला सांगितली. यादी आली, त्याने ती सावकाश वाचली आणि मग ‘--खरंच’ जोडलं.

“फोटोत कोण कोण आहे तेही नावात येईल का?” त्याने विचारलं. त्याच रात्री ‘--कोण’ जोडला, एक किंवा अधिक नावं घेणारा. पहिल्या फोटोला त्याने लिहिलं: ‘--कोण आजी आत्या बाबा’.