ड्युअल बूट, बिटलॉकर आणि आईचा दुधाचा हिशेब

सांगलीत हळदीच्या दोन-तीन अडत्यांचं अकाउंटिंग मी बघतो, त्यामुळं विंडोजवर टॅली लागतंच, बाकी माझं सगळं उबुंटू लिनक्सवर; एकाच लॅपटॉपवर दोन्ही, म्हणजे ड्युअल बूट. मागं मिरज स्टेशनवर मित्राची लॅपटॉपची बॅग गेली तेव्हा माझी झोप उडाली, पार्ट्यांचं पॅन, आधार, बँक स्टेटमेंट सगळं उघडंच पडलेलं की राव! मग दोन्हीकडं कुलूप घालायचं ठरवलं.

बॅकअप घेतला, फास्ट स्टार्टअप बंद केलं, उबुंटू नव्यानं टाकायला घेतलं. माझ्या इन्स्टॉलरमध्ये एन्क्रिप्शनची (डिस्कला पासवर्डचं कुलूप घालायची) टिक अख्खी डिस्क पुसायच्या पर्यायातच होती, म्हणून पार्टिशनं हातानं पाडली, बूटचं १ जीबी उघडं ठेवलं आणि बाकीचं लक्स, म्हणजे लिनक्सचं डिस्कचं कुलूप. ते घालणारी कमांड क्रिप्टसेटअप विचारते खात्री आहे का, मी येस लिहितोय आणि ती काही न करता बाहेर, तिसऱ्यांदा नीट वाचलं तर येस कॅपिटलमध्येच पाहिजे होतं. पुढं क्रिप्टटॅबमध्ये (सुरू होताना कुठलं पार्टिशन उघडायचं ते सांगणारी फाइल) ओळ घालायची विसरलो, तर बूटच होईना, लाइव्ह पेनड्राइव्हवरून परत आत शिरून ते निस्तरलं, त्यात रात्रीचे दोन वाजले.

विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं स्वतःचं डिस्कचं कुलूप, एकदम बिनबोभाट झालं. रिकव्हरी की प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डात अडत्यासमोर बसून ग्रबमधून, म्हणजे सुरुवातीला कुठली सिस्टीम ते विचारणाऱ्या उबुंटूच्या मेन्यूतून, विंडोज निवडलं आणि निळी स्क्रीन, ४८ आकडी की द्या! लॅपटॉपमधली टीपीएम ही सुरक्षेची चिप मशीन कुठल्या वाटेनं सुरू झालं ते मोजून ठेवते, मध्ये ग्रब आलं की मोजमाप जुळत नाही आणि बिटलॉकर की मागतं. घरी फोन लावला.

"आई, ड्रॉवरमध्ये आकड्यांचा कागद आहे बघ."

"त्याच्या पाठीमागं मी दुधाचा हिशेब लिहिलाय रे, चालतंय का?"

सहा-सहाचे आठ गट तिनं वाचून दाखवले, एकदा दुधाचे लिटरच सांगायला लागली. प्रत्येक गटाला ११ नं भाग जातो, त्यामुळं आकडा चुकला की तिथंच कळतं, तेवढं बरं. अडत्या चहा मागवून बघतच बसलेला.

आता विंडोज पाहिजे तेव्हा ग्रबला हातच लावत नाही, एफ१२ दाबून बूट मेन्यूतून थेट जातो, परत की मागितली नाही. कागदाची झेरॉक्स कपाटात रेशनकार्डापाशी ठेवलीय. लक्सच्या हेडरचा (कुलूप उघडायची माहिती असते तो भाग) बॅकअप मात्र अजून राहिलाय, आज रात्री बसतो.