पश्चिमेला कोण येणार? सामाईक मोहिमेची नोंदवही, नोंद सहावी

मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या तोंडानं लिहून बसलो होतो की पुढच्या वेळेपर्यंत पंधरा खेळाडू असतील. झाले अकरा. त्यातले दोघं अजून नुसतं ऐकायला येतात, माइक बंद ठेवून बसतात, म्हणजे नऊच धरा. नकाशा मात्र भरत आलाय. माणसं कमी आणि नकाशा भरलेला, हे उलटं कसं झालं तेवढंच या वेळी सांगायचंय.

नवीन आलेल्यांसाठी आधी दोन शब्द. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडचं चंदगड आणि पोटासाठी पुण्या-गोव्याला गेलेली आमची पोरं, असे सगळे मिळून ऑनलाइन टेबलटॉप, म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत गोष्ट पुढं न्यायची. मराठीत, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर, रात्रीची जेवणं उरकल्यावर. जग एकच, डीएम (डंजन मास्टर, म्हणजे जग आणि राक्षस चालवणारे) तीन. ज्या रात्री जे मोकळे असतील त्यांची टोळी निघते. बेन रॉबिन्स या गेम डिझायनरनं २००७ साली लिहून ठेवलेली 'वेस्ट मार्चेस' ही पद्धत हीच: ठरलेली वेळ नाही, ठरलेली टोळी नाही, ठरलेलं कथानक नाही. पूर्वेला सुरक्षित गाव, पश्चिमेला रान, आणि कुठं जायचं ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं.

बेळगावच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पूर्वेला बाजार, ऊस, सपाटी. पश्चिमेला जांबोटी, कणकुंबी, चोर्ला आणि नुसतं रान. मलप्रभा कणकुंबीला उगवते ती पूर्वेकडं तोंड करून तीनशे किलोमीटर चालत जाते आणि कूडलसंगमला कृष्णेत मिळते. त्याच डोंगरांतली म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते. आमच्या जगातलं मुक्कामाचं गाव अशाच पाणलोटाच्या माथ्यावर आहे. नाव 'दोनपाणी'. घराच्या पुढच्या वळचणीचं पाणी एका समुद्राला जातं आणि मागच्या वळचणीचं दुसऱ्या. नकाशा षटकोनी घरांत पाडलेला, आणि एक षटकोन सहा मैलांचा, ही जुनी रूढी. आम्ही त्याला तीन कोस म्हणतो, कोस साधारण दोन मैलांचा धरला की हिशेब बसतो.

आधी आमची पाच जणांची ठरलेली टोळी होती. ती का मोडली याचं गणित मी नंतर मांडलं. प्रत्येक जण पाचातल्या चार वेळा येतो असं धरा (आमच्यात इतका प्रामाणिक कुणीच नव्हता), तरी पाचही जण एकाच रात्री हजर असण्याची शक्यता तेहतीस टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तीनातली दोन सेशन रद्द. त्यात शिवजयंतीच्या चित्ररथाचं काम लागलं की दोघं गायब, गणपतीत तिघं, आणि एखाद्याच्या गावची लक्ष्मीची जत्रा बऱ्याच वर्षांनी लागली की तो माणूस महिनाभर नातेवाइकांना आमंत्रणं देत फिरतो. यात चूक कुणाची? कुणाचीच नाही. खेळाची घडीच आमच्या पंचांगाला धरून नव्हती.

तर, भरती.

पहिली जाहिरात मी केली ती आता वाचली की लाज वाटते. बारा वर्ग (म्हणजे पात्रांचे प्रकार: लढवय्या, ठग, पुजारी वगैरे), वीस पातळ्या, जगाचा तीन हजार वर्षांचा इतिहास, दोन राजघराण्यांची वंशावळ. इतिहास लिहायला मला चार महिने लागले होते, कुणी वाचायला चार मिनिटंही दिली नाहीत. एकतीस जणांनी 'इंटरेस्टेड' म्हणून कळवलं. सेशन झिरोला, म्हणजे खेळाआधीच्या बैठकीला, आले सहा. दुसऱ्या सेशनला उरले दोन, त्यातला एक माझा आतेभाऊ.

कागदी जाहिरातही करून बघितली. टिळकवाडीत झेरॉक्सच्या दुकानात चिकटवायला दिली, तर दुकानदारानं चष्मा वर करून विचारलं, "ओ, हे रमीचं ॲप न्हवं न्हवं?" वडगावातला एक पोरगा खेळायला तयार होता, तर त्याच्या आईनं फोन हातात घेऊन मला सुनावलं, "फाशांचा खेळ? पांडवांचं काय झालं म्हाईत हाय न्हवं तुम्हास्नी?" काकूंना मी समजावून सांगितलं की यात पैसे नाहीत, राज्य नाही, डावाला लावायला द्रौपदीही नाही. एका शनिवारी त्या पोराच्या शेजारी बसून त्यांनी पूर्ण सेशन ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "त्या पुजाऱ्यानं दार उघडाय नको हुतं." त्यांचा मुलगा आता नियमित येतो. घरातच यंत्रमाग असल्यामुळं त्याच्या माइकमागं कायम खटखट चालू असते. दोनपाणी गावात एक कोष्टी आळी आहे असं आम्ही जाहीर करून टाकलं, प्रश्न मिटला.

गाडी रुळावर आली ती खानापूर तालुक्यातल्या एका पोरामुळं. त्यानं फॉर्म भरलाच नाही. सरळ मेसेज केला: "दादा, तुमच्या नकाशात आमच्या गावचं तळं घालणार काय?" म्हटलं, काय आहे तळ्यात? तर म्हणाला, काठावर एक दगड आहे, त्यावर भर दुपारी बसायचं नाही. का? ते कुणी सांगत नाही. बसायचं नाही, एवढंच.

मी तळं घातलं. दोनपाणीपासून नैर्ऋत्येला दोन षटकोन, नाव बदलून. तो पोरगा पुढच्या सेशनला स्वतः तर आलाच, वर गावातल्या आणखी दोघांना घेऊन आला. "आपलं तळं" कुठं ठेवलंय ते त्यांना बघायचं होतं. माझ्या तीन हजार वर्षांच्या इतिहासानं जे केलं नाही ते एका दगडानं केलं.

तेव्हापासून फॉर्ममध्ये एकच प्रश्न ठेवलाय: तुमच्या गावात तिन्हीसांजेनंतर कुठं जाऊ नको म्हणतात? वर्ग विचारत नाही, अनुभव विचारत नाही. ज्याला या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं तो टिकतो. ज्याला पहिल्याच ओळीत 'बिल्ड', म्हणजे पात्राच्या ताकदीची जुळणी, सांगायचा असतो तो आमच्याकडं रमत नाही, त्याला दुसरी चांगली टेबलं आहेत.

उत्तरं काय काय आली! एक विहीर, जिच्यात दोर नेहमी हातभर कमी पडतो, नवीन आणला तरी. एक बंद पडलेली कौलांची भट्टी, जिची राख पावसाळ्यातही कोमट असते. पिंपळावरचे मुंजे तर इतके आले की त्यांची ग्रामपंचायत काढावी. गडाच्या दरवाजात मागून कुणीतरी नावानं हाक मारतं, तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. आणि निपाणीच्या एका निवृत्त सरांनी पाठवलेली माझी सगळ्यांत लाडकी: तंबाखूची रिकामी वखार, जिच्यात रात्री कुणीतरी शिंकतं.

'शिंकणारी वखार' तीन वेगवेगळ्या टोळ्यांनी पालथी घातली. शिंकणारा अजून सापडलेला नाही. सापडू नये अशी माझी इच्छा आहे.

एक नियम मात्र कडक आहे. खरा देव, खरं देऊळ, खरं गाव यांची नावं खेळात घ्यायची नाहीत. जागा आणा, नाव घरी ठेवा.

जागा लोकांकडूनच मागवायच्या ही अक्कल काही माझी नव्हे. २००० ते २००८ या काळात 'लिव्हिंग ग्रेहॉक' नावाची भलीमोठी सामाईक मोहीम चालली. तिच्यात ग्रेहॉक या काल्पनिक जगाचे प्रदेश खऱ्या जगातल्या भागांना वाटून दिले होते. तुम्ही राहता त्या भागाला एक राज्य, आणि तिथली साहसं तिथलीच मंडळी लिहीत. मला हे कितीतरी दिवस माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि डोक्यात शिरणं वेगळं.

भाषेचं थोडं. २०२३ च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला. श्रेय दिलं की भाषांतर करायला मोकळीक. म्हणून आम्ही कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राच्या माहितीचा कागद, मराठीत केली. सेव्हिंग थ्रोला 'बचाव फासा', इनिशिएटिव्हला 'पाळी' यावर पाच मिनिटांत एकमत झालं. लगेच दोन मुलींनी 'पाळी' शब्दाला हसून हरकत घेतली आणि तो 'क्रम' झाला. क्लेरिक, म्हणजे देवाच्या बळावर जादू करणारा वर्ग, त्यावरून मात्र तीन रात्री भांडण. पुजारी, भगत की गुरव? शेवटी ज्याचं कॅरेक्टर त्यानं ठरवावं असं ठरलं. हिट पॉइंटला सगळेच 'जीव' म्हणतात. "माझा जीव सात उरलाय" हे वाक्य बाहेरच्या माणसानं ऐकलं तर तो दवाखान्याची गाडी बोलावेल.

एक खेळाडू बैलहोंगलकडचा, घरी कन्नड. मराठी समजतं, पण बोलताना अडखळतो. त्याला सांगितलं, तुझ्या तोंडात येईल ते बोल. आता त्याचा ठग रागावला की कन्नडात घुसतो आणि सगळ्या टेबलाला ते कळतं. बेळगावात कुणाला कळणार नाही?

सेशन झिरोत आम्ही नेहमीच्या मर्यादा ठरवतोच, कुणाला काय नको ते आधीच बोलून घेतो. एक-दोन गोष्टी इथल्या म्हणून वेगळ्या पडतात. माझ्या मूळ मसुद्यात दोन राज्यं एका शहरावरून पिढ्यानपिढ्या भांडत होती. चंदगडच्या एका बाईंनी वाचून एवढंच विचारलं, "हे दिवसभर पेपरात वाचून रात्री परत खेळायचं व्हय?" त्या दिवशी दोन्ही राज्यं पुसली. १९५६ पासूनचा वाद आमच्या डंजनात नको. त्या जागी उरलाय फक्त एक नाका. कुठल्याच राजाचा नाही, पण दोन्हीकडून येणाऱ्यांकडून जकात घेतो. नाकेदाराचा आवाज मी काढतो. लोकांना ड्रॅगनपेक्षा त्याचा जास्त राग येतो.

फसलेलंही सांगतो. सामाईक जगात एका टोळीनं केलेलं दुसरीला कळलं पाहिजे, नाहीतर जग सामाईक कसलं? आमच्याकडं खऱ्या जगातला एक दिवस म्हणजे खेळातलाही एक दिवस. मंगळवारी एका टोळीनं गॉब्लिनांना अडवायला ओढ्यावरचा साकव जाळला. शुक्रवारी दुसऱ्या डीएमच्या टोळीनं तोच साकव आरामात ओलांडला, वर परतीला त्यावर बसून भाकरी खाल्ली. मंगळवारवाल्यांनी वृत्तांत वाचला आणि दोन दिवस ग्रुपवर नुसती आग. तांत्रिकदृष्ट्या चूक माझी होती, मंगळवारची नोंद मी रविवारी टाकली.

तेव्हापासून वृत्तांताच्या पहिल्या ओळीत 'काय बदललं' हे लिहायचं, बाकी रसाळ वर्णन नंतर. आणि तीन दिवसांत वृत्तांत आला नाही तर त्या सेशनची लूट नाक्यावर अडकते. नाकेदार पुन्हा उपयोगी पडला. साकवाचं काय केलं म्हणाल, तर शुक्रवारी त्यांनी ओलांडला तो साकव मुळात नव्हताच असं ठरवलं. मग त्यांनी भाकरी कशावर बसून खाल्ली, याच्या शोधात आता तिसरी टोळी निघालीय.

आवाजाचं जमवणं हे वेगळंच दुखणं. जांबोटीकडच्या दोघांना घरात रेंज नाही, एक जण गच्चीवर ब्लँकेट घेऊन बसतो. चॅनेलचा बिटरेट, म्हणजे आवाजाला लागणारा डेटा, ६४ वरून ३२ वर आणला, तेव्हा तुटणं बरंच कमी झालं. तरी नाहीच जमलं तर त्या खेळाडूनं टाइप करायचं आणि डीएमनं ते मोठ्यानं वाचायचं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला एक जण सेकंड शिफ्टला असला की असाच खेळतो, चहाच्या सुट्टीत दोन ओळी. त्याचं कॅरेक्टर मितभाषी म्हणून प्रसिद्ध झालंय.

आता खरी अडचण. इतके दिवस मी खेळाडू शोधत होतो, कमी होते ते डीएम. तिघांवर नऊ-अकरा जण म्हणजे आठवड्याला दोन सेशन, आणि त्यातला एक डीएम परीक्षेला बसलेला. "डीएम होणार का?" असं विचारलं की माणूस फोन ठेवतो. म्हणून तसं विचारणं सोडलं. निपाणीच्या सरांना म्हटलं, सर, तुम्ही फक्त राक्षस चालवा, बाकी मी बघतो. दोन सेशन त्यांनी माझ्या हाताखाली नुसते लांडगे आणि कोळी चालवले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "वखारीत काय आहे ते तुम्हाला कुठं माहिताय? ते मीच सांगतो." आणि चालवली की पूर्ण वखार! कपाटं, पोती, वास, सगळं. नियम दोन ठिकाणी चुकले, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून पुढचा प्रयोग हाच. ज्यानं जागा दिली, तिथली एक रात्र त्यानंच चालवायची. पूर्ण मोहीम नाही, एक षटकोन, एक रात्र. मी शेजारी बसून फासे आणि आकडे सांभाळणार.

पहिली पाळी येत्या शनिवारी, साडेनऊला, खानापूरच्या त्या पोराची. त्याच्याकडं रेंज नाही, त्यामुळं तो टाइप करणार आणि मी वाचणार. चार जागा, तीन भरल्या. पातळी पहिली ते तिसरी, नवखा असला तरी चालेल. त्याला विचारलं, जाहिरातीत काय लिहू? तर उत्तर आलं:

"दुपारी दगडावर बसायचं न्हाई, एवढंच लिहा. बाकीचं बसल्यावर सांगतो."