चिकूचा चीक

झाडावरून नुकत्याच उतरवलेल्या चिकूच्या देठातून पांढरा चीक ठिबकतो, बोटांना चिकटतो आणि साबण लावूनही लवकर सुटत नाही. त्यामुळे चिकू हे नाव त्या चिकावरूनच पडले असणार, याविषयी मला कित्येक वर्षे तिळमात्र शंका नव्हती. पुढे कळले, की हे झाड मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले आणि तिथल्या स्पॅनिशमध्ये त्याचे नाव ‘चिकोसापोते’. हा शब्द अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतून आलेला. त्यातले ‘सापोते’ म्हणजे मूळचे ‘त्सापोत्ल’, मऊ गोड फळ. ‘चिको’च्या मुळाविषयी मात्र कोशकारांचे एकमत नाही. गंमत अशी, की याच झाडाच्या चिकाला नाहुआत्लमध्ये ‘त्सिक्त्ली’ म्हणत, स्पॅनिशमध्ये त्याचे ‘चिक्ले’ झाले आणि एकोणिसाव्या शतकात त्याचेच च्युइंगगम बनू लागले. म्हणजे व्युत्पत्ती फसली तरी बोटांना लागलेला चीक खोटा नव्हता.

1521 मध्ये अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिश आक्रमकांपुढे पडली आणि तिथल्या वस्तूंबरोबर त्यांची नावेही स्पॅनिशांच्या तोंडी बसली. शब्दाच्या शेवटचा ‘त्ल’ त्यांच्या जिभेला पेलेना, म्हणून त्याचा बहुधा ‘ते’ झाला: ‘तोमात्ल’चे ‘तोमाते’, ‘आवाकात्ल’चे ‘आग्वाकाते’, म्हणजे अ‍ॅव्होकॅडो. आपला टोमॅटो त्याच घराण्यातला.

मला मात्र सर्वांत मोह पडतो तो शेंगदाण्याच्या नावाचा. नाहुआत्लमध्ये तो ‘त्लाल्काकावात्ल’, म्हणजे जमिनीतला कोको. ‘त्लाल्ली’ म्हणजे जमीन. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन भाषांनी एकच युक्ती योजावी, याचे नवल वाटते, कारण आपणही ओळखीच्या मुगाला भुई जोडून भुईमूग केला. स्पॅनिशांनी त्यातली भुईच गाळली आणि ‘काकावाते’ एवढेच ठेवले. उद्या वाण्याकडे नुसते ‘मूग द्या’ म्हणून शेंगदाण्यांची अपेक्षा करावी, तसाच हा प्रकार.

खडूची कथा तर याहून विलक्षण आहे. ‘तिसात्ल’ ही पांढरी माती. तिच्यावरून आलेला ‘तिसा’ हा शब्द स्पेनमध्ये आणि दक्षिण अमेरिकेत शाळाशाळांतून खडूसाठी रुळला. ज्या मेक्सिकोतून तो निघाला, तिथली मुले मात्र फळ्यावर लिहिताना खडूला ‘खिस’ म्हणतात, आणि तो शब्द आहे लॅटिनमधल्या जिप्समच्या नावावरून आलेला.