चार तोळे

३ मेच्या पहाटे पावणेसहाला फोन आला. "डॉक्टर, तीन पिल्लं झालीत, आणि आईचं नाक रक्तानं भरलंय." चिंचिला, म्हणजे दाट मऊ केसांचा, उंदराच्या जातकुळीतला छोटा प्राणी, पाळणाऱ्या घरातून हा फोन ठरलेला. मादी दातांनी ओढून पिल्लं बाहेर घेते, मागून पडलेली वार खाते, त्यात नाक आणि पुढचे पंजे लाल होतात. मी भलतंच विचारलं, "नर कुठे आहे?"

"इथेच, पिंजऱ्यात. का?"

घरात नर आहे हेच त्यांना दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आल्यावर कळलं होतं. दुकानदाराने "दोन्ही बहिणी आहेत" म्हणून जोडी विकलेली. चिंचिलाच्या मादीचा मूत्रमार्गाचा उंचवटा अगदी नरासारखा दिसतो. तो आणि गुदद्वार यांच्यातलं अंतर बघायचं, मादीत ते जवळजवळ नसतंच. दोन मिनिटांचं काम. विकणाऱ्याला ते शिकायचं नसतं आणि घेणाऱ्याला विचारायचं नसतं. दिवस भरत आले की नराला वेगळा करा, असं मी बजावलं होतं. व्याल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. पण घरातल्या शाळकरी मुलाला एकट्या पडलेल्या नराची दया आली.

घर सोन्या मारुती चौकाच्या मागे, दोन पिढ्यांची सराफी. पोहोचले तेव्हा तिघं पिल्लं ओलीच होती. डोळे उघडे, दात आलेले, अंगभर केस. उंदरासारखी लाल मांसाची गोळी नव्हेत. ही जात मुळात अँडीजच्या थंड, कोरड्या डोंगरातली, केसांच्या एका मुळातून साठेक केस निघतात. पंचवीस-सत्तावीस अंशांच्या वर गेलं की उष्माघाताची भीती. आणि इथे पुण्याचा मे. म्हणून एसी २१ वर, आणि त्याच २१ अंशांत ओली पिल्लं गारठून मरू शकतात. आईला गारवा, लेकरांना ऊब, दोन्ही एकाच पिंजऱ्यात. मी अर्ध्या तळाखाली टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवली, उरलेल्या अर्ध्यात शहाबादी फरशीचा तुकडा. पाच मिनिटांत आई फरशीवर पसरली आणि पिल्लं पिशवीवर एकमेकांच्या अंगावर चढून बसली. ही मांडणी मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. आमच्या शिक्षणात म्हैस, गाय, शेळी, कोंबडी. चिंचिला कुणी शिकवली नाही.

धुळीची आंघोळ (चिंचिला पाण्याऐवजी बारीक धुळीत लोळून अंग साफ करते) दहा दिवस बंद, पळायचं चाक बाहेर, नर दुसऱ्या खोलीत. मग वजनं. माझा काटा दवाखान्यात राहिलेला, म्हणून सुनेच्या सासऱ्यांनी, अप्पांनी, सोन्याचा डिजिटल काटा आणला. ५४, ५१, ४७ ग्रॅम. सून वहीत लिहीत होती. अप्पांचं लक्ष तिकडे नव्हतंच. ते डबीतून लाल-काळ्या गुंजा काढून मला दाखवत होते. "आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. खरा तोळा अकरा पूर्णांक सहासष्ट ग्रॅमचा, डॉक्टरीणबाई. आताच्या पोरांना ठाऊक नाही." माणूस गोड. मी ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला. सून रात्रभर जागून झोपली होती, म्हणून अप्पांनीच वजनं केली : "थोरलं साडेपाच तोळे, मधलं सव्वापाच, धाकटं चार." माझ्या टेबलावर एक पर्शियन मांजर, बाहेर सहा जण. काळजी धाकट्याचीच होती, म्हणून तेवढाच गुणाकार केला. चार गुणिले अकरा पूर्णांक सहासष्ट म्हणजे साडेशेहेचाळीस. काल सत्तेचाळीस. पहिल्या दिवशी किंचित उतरतंच. "छान," असं उत्तर टाकून मोकळी झाले.

अप्पांचा तोळा दहा ग्रॅमचा होता. बाजारात आता तोळा म्हणजे दहाच. धाकटं चाळीसवर आलं होतं, एका रात्रीत सात ग्रॅम गेले होते. थोरल्याचा गुणाकार केला असता तरी कळलं असतं. साडेपाच तोळे म्हणजे चौसष्ट. एका दिवसात चिंचिलाचं कुठलंही पिल्लू दहा ग्रॅम वाढत नाही, रोजचे दोन-तीन ग्रॅम म्हणजे उत्तम.

संध्याकाळी सातला सुनेचा फोन. गेले तर धाकटं कुबड काढून कोपऱ्यात, शेपटी खाली लोंबलेली. धड पिल्लाची शेपटी पाठीवर वळलेली असते. करंगळीचं टोक तोंडात घातलं, आत गार. काट्यावर ३८. आई उलटी करून पाहिली : सहा सडांपैकी दोनांवर ओरखडे, म्हणून ती पिल्लांना झटकत होती. दोघं दांडगी जागा पकडत आणि हे बाहेर.

गार पिल्लाला दूध पाजायचं नसतं, पचत नाही. आधी ऊब, तासभर हातात. मग उकळून कोमट केलेलं शेळीचं दूध, सुई काढलेल्या इन्सुलिनच्या सिरिंजमधून ओठाच्या कडेला थेंब. पिल्लू उभं धरायचं, उताणं कधीच नाही. त्याने चाटेपर्यंत दुसरा थेंब नाही. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. मधल्या वेळात एका दांडग्याला बाहेर काढून याला आईखाली सोडायचं. सुनेने हे सगळं केलं, शाळेची नोकरी सांभाळून. ३९, ४१, ४२.

८ तारखेच्या पहाटे ते गेलं. तिनेच विचारलं म्हणून मी उघडून पाहिलं. फुप्फुसात दूध होतं.

तीनच्या पाजण्यात कधीतरी थेंब मोठा पडला असणार. पण ते पाजणं मुळात एवढं लांबलं का? त्या सकाळी नऊला मी गेले असते तर? चाळीसवरून उचललं असतं, कदाचित ओरखडे वाढायच्या आत. "कदाचित"च्या पुढे मला जाता येत नाही. सुनेला मी "अशक्तच होतं" एवढंच सांगितलं. अप्पांना तोळ्याचं काहीच बोलले नाही. दोघांपैकी कुणाला खरं सांगितलं तर दुसऱ्याची सुटका होते, आणि दोन्ही वेळा मी अलगद बाजूला राहते.

उरलेली दोन्ही मजेत आहेत, गवत खातात, अजून आईलाही लुचतात. गर्भाचे दिवस १११. नर त्या पहाटे आतच होता, म्हणजे ती पुन्हा गाभण राहिली असेल तर २२ ऑगस्ट. आईचं वजन दर आठवड्याला कळवा म्हटलंय. परवा, जूनच्या मध्यावर, सुनेचा फोन चालू होता आणि मागून अप्पा ओरडले, "साठ तोळे भरली!"

सहाशे की सातशे? दोन्ही शक्य.

"अप्पा, कुठला तोळा?" मी विचारून बसले.

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग फोन त्यांच्याच हातात गेला असावा. "दहाचाच. मी नेहमी दहाचाच धरतो, डॉक्टरीणबाई. का?"