समुद्रातून न उचललेला दगड : आमची वाटचाल

रत्नागिरी शहराबाहेरच्या एका शेडमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ दगड तयार करतो. हा दगड खाऱ्या पाण्याच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ आणि मासे पाळायच्या काचेच्या टाकीत जातो. हौशी मंडळी त्याला लाइव्ह रॉक म्हणतात. ओतल्यापासून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत त्याला जवळपास वर्ष लागतं. ‘दगडाला वर्ष कशाला हवं?’ हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

रीफ टँकमध्ये दगड शोभेसाठी नसतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. दगडाच्या पृष्ठभागावरचे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. दगड खोलवर सच्छिद्र असेल, तर आत जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो पाण्यातून निघून जातो. म्हणजे टँकचं फिल्टर दगडाच्या पोटात असतं. जकार्तामधले ली चिन एंग यांनी १९६१ साली असे रीफवरचे दगड आणि फक्त हवेचे बुडबुडे वापरून प्रवाळ जगवल्याचं लिहिलं होतं. पुढे जर्मनीतल्या हौशींनी दगडाला प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि तीव्र प्रकाशाची जोड दिली. त्या मांडणीला आजही बर्लिन पद्धत म्हणतात.

हे दगड जगभर रीफवरून तोडून आणले जात. फ्लोरिडालगतच्या अमेरिकेच्या केंद्रीय हद्दीतल्या समुद्रात १९९७ पासून नैसर्गिक लाइव्ह रॉक काढायला बंदी आली. तिथले लोक भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर साधे दगड टाकून ते जिवंत होण्याची वाट पाहू लागले. आपल्याकडे नियम त्याहून कडक आहे, आणि तो असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. २००१ साली प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. वाघाला जे संरक्षण, तेच प्रवाळाला. मेलेला, वाळलेला, दिवाणखान्यात ठेवलेला पांढरा तुकडासुद्धा गुन्ह्यात धरला जातो आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. तरीही ‘समुद्राचा ओरिजिनल माल’ म्हणून दगड विकला जायचा, आणि घेणाऱ्याला आपण काय घेतोय याची कल्पनाही नसायची.

हा धंदा सुरू करण्याआधी आम्ही मुंबई-पुण्यातल्या टँकची देखभाल करायचो. पाणी बदलणं, काच घासणं, स्किमर साफ करणं. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोकांनी हजारो रुपये घालून उभा केलेला टँक दगडातून आलेल्या एखाद्या पाहुण्यामुळे उजाड व्हायचा. त्यात पहिला नंबर ऐप्टेशियाचा. नखाएवढं तपकिरी समुद्रफूल. चिमट्याने उपटायला गेलं, की तळाचा उरलेला कण नवीन समुद्रफूल होऊन उभा राहतो. एकाची दहा होतात आणि शेजारच्या प्रवाळाला डंख मारत सुटतात. मग व्हर्मेटिड गोगलगाई, ज्या दगडाला चिकटलेल्या नळीतून चिकट जाळं सोडतात. बबल अल्गीचे हिरवे फुगे, ब्रायॉप्सिसचं पिसासारखं शेवाळ, रात्री ‘टक्’ असा आवाज करणारा मँटिस श्रिम्प. इंग्लंडमधल्या न्यूकी इथल्या मत्स्यालयात २००९ साली प्रवाळ कोण कुरतडतंय म्हणून अख्खी मांडणी उचकटली, तेव्हा आतून चार फुटी समुद्री किडा निघाला होता. तो लहानपणी दगडातून आला असावा, असं तिथल्या लोकांचं म्हणणं होतं.

दगडात शिरलेली कीड नंतर काढता येत नाही. औषध टोचा, गोड्या पाण्यात बुडवा, ऐप्टेशिया खाणारी पेपरमिंट कोळंबी सोडा. संख्या कमी होते, पण छिद्रांच्या आतलं काही ना काही उरतंच. ब्लीच आणि आम्ल वापरून सगळंच मारून टाकता येतं, पण मग हातात उरतो तो मेलेला दगड. असा कोरडा, निर्जीव दगड घालून सुरू केलेल्या टँकमध्ये पहिल्या काही महिन्यांत तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ), केसाळ शेवाळ आणि कधी कधी डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) एकामागून एक धुमाकूळ घालतात, कारण मोकळी जागा धरून बसणारं कोणी नसतं. हौशी माणूस सगळ्यात जास्त याच काळात कंटाळून टँक विकायला काढतो. आमच्या मते कीड काढण्याचा खरा मार्ग एकच आहे : दगड शून्यापासून बनवायचा आणि हवे तेवढेच जीव, ओळखून, एकेक करून त्याच्यावर वाढवायचे.

दगडाचं मिश्रण आम्ही कोकणातच शोधलं. सुरुवातीला अनेकांनी जांभा सुचवला, कारण तो इथे पावलोपावली आहे आणि सच्छिद्रही आहे. पण त्यात लोह भरपूर आणि चुना जवळजवळ नाही, म्हणून आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. आपल्याकडे पूर्वी शिंपले भाजून चुना करायचे. तेच कालवांचे आणि तिसऱ्यांचे शिंपले आम्ही खाणावळींकडून आणि कालवं काढणाऱ्या बायकांकडून घेतो. धुऊन, उन्हात वाळवून, भरड दळून ते पांढऱ्या सिमेंटमध्ये मिसळतो. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, तेव्हा समुद्राच्या पाण्याशी त्याचं जमतं. मिश्रणात खडे मीठही घालतो. ते नंतर पाण्यात विरघळतं आणि त्याच्या जागी पोकळ्या राहतात.

ओतकाम आमच्या गवंडी मामांचं. त्यांनी आयुष्यभर चिऱ्याची घरं बांधली, त्यामुळे पहिल्या दिवशी त्यांनी दगड इतका सरळ आणि गुळगुळीत केला की बघत राहावं. मी म्हटलं, “मामा, याला कोपरे नकोत, बिळं हवीत.” ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “ताई, मग साचा लाकडाचा नको. वाळूत ओतू.” तेव्हापासून ओल्या वाळूत हाताने खळगे करून, त्यात वाळूचेच गोळे ठेवून मिश्रण ओतलं जातं. वाळू धुऊन काढली की कमानी आणि गुहा आपोआप उघड्या पडतात. एकासारखा दुसरा दगड होत नाही. आत लोखंडाची सळई कधीच घालत नाही. आधार लागलाच तर फायबरची काडी.

ताजं सिमेंट पाण्याचा सामू बारापर्यंत चढवतं. त्या पाण्यात मासाच काय, शेवाळही टिकत नाही. म्हणून दगड कित्येक आठवडे गोड्या पाण्याच्या हौदात पडून असतात आणि पाणी बदलत राहतं. दगड ताज्या पाण्यात ठेवून पुढचे काही दिवस सामू आठच्या आसपास स्थिर राहिला, आणि फॉस्फेटच्या चाचणीत काही आलं नाही, तरच तो पुढच्या खोलीत जातो. घाई करता येत नाही अशी ही पहिली पायरी.

समुद्र आमच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याचं थेंबभरही पाणी आम्ही वापरत नाही. पावसाळ्यात किनाऱ्याजवळची क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, घसरते हे एक कारण. मोठं कारण असं की समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी अंडी आणि पिल्लं असतात, आणि त्यांतली कोणती कुठे रुजतील ते सांगता येत नाही. विहिरीचं पाणी आरओमधून काढून, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आल्यावर त्यात मीठमिश्रण घालतो. क्षारता हजारी ३५, तापमान २६ अंश. मे महिन्यात हे तापमान राखणं हाच सर्वांत मोठा खर्च असतो.

मग विरजण. हा शब्द शेडमध्ये आम्ही रोज वापरतो, कारण काम तेच आहे : आधीच्या तयार, तपासलेल्या हौदातलं जीवाणूंनी भरलेलं थोडं माध्यम नव्या हौदात घालायचं आणि वाट पाहायची. जीवाणूंना खायला मोजून अमोनिया देतो. हा काळ पूर्ण अंधारात जातो, म्हणजे शेवाळाला संधी मिळत नाही. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया घातला आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की दगड कामाला लागला असं समजतो. पुष्कळ ठिकाणी इथेच दगड विकायला काढतात. आमच्याकडे इथून अर्धी वाट सुरू होते.

आता मंद प्रकाश आणि कोरलाइन शेवाळ. रीफ टँकमधल्या दगडावर जो जांभळा-गुलाबी थर दिसतो तो हा. तो एकदा दगडभर पसरला की नको असलेल्या शेवाळाला पाय ठेवायला जागा उरत नाही. त्याला लिटरमागे कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, अल्कलिनिटी आठ-नऊ डीकेएच (dKH), आणि भरपूर सबुरी. आमचं मूळ कोरलाइन एका जुन्या टँकच्या काचेवरून खरवडलेल्या पापुद्र्यातून आलं. ते आम्ही वेगळ्या भांड्यात, भिंगाखाली तपासत, एका काचेवरून दुसऱ्या काचेवर असं कित्येक पिढ्या वाढवलं आणि मगच दगडाच्या खोलीत नेलं. शेवटी कोपेपॉड सोडतो. धुळीच्या कणाएवढे हे जीव दगडावरचा गाळ आणि कोवळं शेवाळ खातात आणि पुढे माशांचं खाद्य होतात. त्यांना लागणारी सूक्ष्म शेवाळं, म्हणजे नॅनोक्लोरॉप्सिस आणि आयसोक्रायसिस, आमची वहिनी वाढवते. तिच्या बाटल्यांना हात लावायची परवानगी मलाही नाही, आणि ते योग्यच आहे.

तपासणीबद्दल आमचं मत ठाम आहे. दगडाच्या हौदांत आम्ही पेपरमिंट कोळंबी, बर्गिया (ऐप्टेशिया खाणारी समुद्री गोगलगाय) किंवा कीड खाणारा कुठलाही प्राणी ठेवत नाही. असा प्राणी हौदात असला की चार-दोन ऐप्टेशिया दबून राहतात आणि दगड स्वच्छ असल्यासारखा दिसतो. घरी नेल्यावर ती डोकं वर काढतात. आम्ही उलट करतो. हौदांना मुद्दाम खायला घालतो, म्हणजे एखादी कीड असेलच तर ती फोफावून समोर येईल. रात्री दिवे मालवून कोळंबीचा तुकडा कापडात बांधून ठेवतो आणि लाल टॉर्चने कोण येतंय ते बघतो. ज्या हौदात शंकास्पद काही दिसेल तो सगळाच्या सगळा वाळवायला जातो, त्यातला एकही दगड वाचवायचा प्रयत्न होत नाही. प्रत्येक खोलीच्या बादल्या, जाळ्या आणि टॉवेल वेगळ्या रंगाचे आहेत. तयार दगडाला हात लावलेला माणूस त्या दिवशी कोरलाइनच्या भांड्यांकडे फिरकत नाही.

कीडमुक्त म्हणजे काहीच नसलेला, असं मात्र समजू नये. आमच्या दगडावर स्पायरॉर्बिड या नळीत राहणाऱ्या किड्याच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या गुंडाळ्या सापडतील. त्या निरुपद्रवी आहेत. ब्रिसल वर्मसुद्धा बहुतेक वेळा सफाईचंच काम करतो आणि लोक त्याला विनाकारण घाबरतात. पण लहानपणी सगळे किडे सारखेच दिसतात, म्हणून आम्ही तो ठेवत नाही.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा वीज गेली आणि लवकर आली नाही. पाणी फिरलं नाही तर दगडातले जीवाणू प्राणवायूविना मरू लागतात आणि काही तासांत सगळा हौदच नासतो. जनरेटर होता, डिझेल मिळवायला भाऊ पडलेली झाडं ओलांडत फिरत होता. शेजारच्या काजू कारखान्याने न मागता दोन कॅन आणून दिले. ते ऋण आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर प्रत्येक हौदावर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप बसवला. त्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं आणि रस्ता बंद झाला, तेव्हा माल अडकला, पण हौद सुरक्षित होते.

माल पाठवताना दगड ओल्या कागदात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात बंद करतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबई-पुण्याला रवाना करतो. दूरच्या गावांसाठी रेल्वे पार्सल. दगडावर स्पंज वगैरे मोठे जीव नसल्यामुळे तो ओलसर अवस्थेत एवढा प्रवास सोसतो. खोक्यात कशापासून दगड बनला त्याची यादी आणि बिल असतं, म्हणजे कोणी विचारलं तर हा प्रवाळ नाही हे सांगता येतं. गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो, की पोचल्यावर लगेच मासे सोडू नका, आठवडाभर अमोनिया तपासा, आणि दुसरीकडचा समुद्राचा दगड शेजारी ठेवू नका. आमची सगळी मेहनत एका तुकड्याने वाया जाऊ शकते.

किमतीवरून वाद होतात. समुद्रातून चोरून आणलेला दगड स्वस्तच पडणार, कारण त्याला घडायला लागलेली शेकडो वर्षं कोणी बिलात धरत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून मी जे पाहिलं आहे, ते पाहिल्यावर तिथला एक खडा हलवावा असं मला वाटूच शकत नाही. काही गिऱ्हाइकांना मी किंमत सांगण्याआधी तिथे जाऊन यायला सांगते. जाऊन आलेले बहुतेक जण परत घासाघीस करत नाहीत.

सध्या आम्ही पातळ, फळीसारखे दगड ओतायच्या मागे आहोत. घरं लहान, टँकही लहान, आणि लोकांना कमी दगडात जास्त जागा हवी असते. पातळ दगडात आतला प्राणवायूविरहित भाग कमी पडतो, म्हणून मधे जाड गाभा आणि कडेला पातळ पंख असा आकार मामा करून बघत आहेत. पहिली खेप अजून अंधारातच आहे. ती पावसाळ्यानंतर प्रकाशात येईल, आणि रात्रीच्या तपासणीत निष्कलंक ठरली तर पुढच्या उन्हाळ्याच्या आत विक्रीला निघेल.